शिसं भरलेलं वजन

एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात, मडक्यांच्या दालनात, खिडकीजवळच्या कपाटात एक काळा दगड ठेवला आहे. लाडवाएवढा, वरून-खालून सपाट, एका बाजूनं टवका उडालेला. बुडाला बोट जाईल एवढं भोक आहे आणि त्यात शिसं भरलेलं आहे. खाली टाइप केलेली चिठ्ठी आहे: ‘खोटे वजन’.

ती चिठ्ठी चूक आहे. मी भाजीवाला माणूस, शिक्षण सातवीपर्यंत, तरी हे ठामपणानं सांगतो. तो दगड जमिनीतून निघाला तेव्हा मी तिथं होतो. शिवाय चिठ्ठीवर काय लिहायचं याचा सौदा माझ्याशी झाला होता, आणि तो मोडला गेला. सौदा मोडणारा माणूस मला चालत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

सुरुवातीपासून सांगतो.

आमच्या गावाबाहेर एक रीठ आहे. रीठ म्हणजे उजाड झालेल्या गावाची जागा. तिथं कोण राहत होतं, कधी राहत होतं, आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. फक्त एवढं माहीत होतं की चहूकडे काळी जमीन आणि मधोमध हा पांढऱ्या मातीचा उंचवटा. ती पांढरी माती धाब्याच्या घरावर टाकली की पाणी गळत नाही, आणि वांग्या-मिरचीच्या वाडीत टाकली की पीक जोर धरतं. म्हणून गाड्यांवर गाड्या भरून ती नेत. छप्पन साली आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली, वडिलांनी गावकीची कामं सोडली, आणि मग पोट भरायला हीच माती उरली. वडील खणत, मी भरत असे. रिठाचा अर्धा डोंगर आम्ही बापलेकांनी लोकांच्या वाड्यांत नेऊन टाकला असेल.

मातीत खापरं निघत, मणी निघत, कधी कधी शिशाचे चपटे गोल तुकडे निघत. मणी पोरी ओवत. शिसं भोई नेत, जाळ्याला वजन म्हणून. त्यातला एक जाड तुकडा मी ठेवून घेतला होता. का ठेवला, ते सांगता येणार नाही. माझ्याकडे कोणतीच वस्तू फुकट जात नाही एवढंच.

पुढं मी माती सोडली आणि भाजी धरली. वाड्यांतून माल उचलायचा आणि शेलूबाजारच्या बाजारात विकायचा. तराजू हाती धरणारा आमच्या वस्तीतला मी पहिला. तो तराजू एका किराणा दुकानदारानं काढून टाकलेला होता. दांडी उत्तम, नाजूक, चिमूटभर जिरं ओळखणारी. पण मालाचं पारडं हरवलेलं. मी दुसरं पारडं बसवलं ते हलकं निघालं. मग तो शिशाचा तुकडा मी त्या पारड्याखाली तारेनं बांधला. काटा बरोबर मधोमध आला. सगळेच असं काही ना काही करत. कोणी दगड बांधी, कोणी चिंचेचा गोळा चिकटवी. त्याला पासंग म्हणतात. वजनमापाच्या कायद्यात ते बसत नाही, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या तराजूवर कोणी एक वांगं कमी नेलं नाही.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. एका बाजाराच्या दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या वाडीवाल्यानं माझं पारडं उचलून उलटं केलं. माझा भाव त्याच्यापेक्षा नेहमी थोडा कमी असे, त्याचा त्याला राग होता.

“पाहा हो पाहा!” तो ओरडला. “याच्या पारड्याले पोट निघालं! कितवा महिना हाय बे?”

लोक जमले. हसले आधी, मग कोणी तरी म्हणालं, “काहून रे, आमी वांगे घेऊन राह्यलो का शिसं?”

“अबे, काटा पाह्य आधी,” मी म्हटलं. “शिसं असतानी काटा सरळ होता का नाई?”

पण वाडीवाल्यानं तार तोडली, शिसं काढलं आणि मग रिकामा तराजू उचलून दाखवला. साहजिकच तो वाकडा झाला. लोकांनी दोन गोष्टी पाहिल्या: लपवलेलं शिसं आणि वाकडा काटा. दोन्ही मिळून एकच अर्थ त्यांनी काढला. शिसं काढल्यावर झुकलं ते वजनाचं पारडं. म्हणजे तसा तराजू वापरला असता तर गिऱ्हाइकालाच जास्त माल गेला असता. पण हे ऐकायला कोण थांबतो?

बाजाराचा ठेकेदार आला. जागेची पट्टी तोच वसूल करी आणि कोण कुठं बसेल हेही तोच ठरवी.

“शिसं पुन्हा बांधा आन् पाहा,” मी त्याला म्हटलं.

“मले काटा शिकवू नको. लपवलं म्हणजे चोरीचंच.” त्यानं शिसं खिशात टाकलं. “पुढच्या बाजारी चार माणसाईसमोर पाहू. तोवर तुही जागा बंद.”

मागून आवाज आला, “ज्याच्या बापानं जनमभर माती वायली, त्याच्या हाती तागडी देल्ली तं हेच होणार.”

कोण बोललं ते मला माहीत आहे. मी त्याच्या अंगावर धावून गेलो आणि मला चौघांनी धरलं. त्या धावण्यानं माझंच नुकसान झालं. खरा माणूस असा चवताळत नाही, असं लोकांचं मत पडलं. मी खरा होतो आणि चवताळलोही होतो. दोन्ही एकाच वेळी होता येतं.

बाजारातली माझी कडूनिंबाखालची जागा गेली असती तर मी पुन्हा माती भरायला गेलो असतो. जागा दुसऱ्या बाजारातही मिळाली असती, पण तागडीत खोटा हे नाव माझ्याआधी तिथं पोचलं असतं.

दोन दिवसांनी शिसं मागायला मी ठेकेदाराकडे गेलो. पुढच्या बाजारी ते पुन्हा बांधून दाखवायचं, एवढाच माझा बचाव होता. तो म्हणाला, “ते तं साहेबाले देल्लं.”

साहेब म्हणजे जुन्या वस्तूंचा शोध घेणारा एक तरुण माणूस. रिठावर आठ-दहा मजूर लावून त्यानं चौकोनी खड्डे घेतले होते आणि आमच्या गावच्या शाळेच्या खोलीत मुक्काम केला होता. जुनं काही मिळालं तर आणून द्या, असं त्यानं गावोगाव सांगितलं होतं. सरकारी माणसाची मर्जी राहावी म्हणून ठेकेदारानं माझं शिसं स्वतःचं म्हणून दिलं होतं.

मी शाळेत गेलो. साहेब चटईवर बसला होता. समोर वर्तमानपत्रावर खापरं मांडलेली. माझं शिसं त्याच्या हातात होतं, पण मला ते ओळखू आलं नाही. बांबूच्या काडीनं आणि ब्रशनं त्यानं ते साफ केलं होतं. मळकट तुकड्यावर एक हत्ती उमटला होता. सोंड वर केलेला, पाय स्पष्ट.

“नाणं आहे हे,” तो म्हणाला. “दोन हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हाचे राजे शिशाची नाणी पाडत.”

“शिशाची?”

“हो. लहान व्यवहारासाठी.”

“म्हणजे राजानं शिसं देल्लं तं नाणं, आन् मी लावलं तं लबाडी.”

तो हसला. मी हसलो नाही. सगळी हकीकत सांगितली आणि हात पुढं केला.

“हे परत देता येणार नाही हो. ही आता सगळ्यांची वस्तू आहे.”

“सगळ्याईची हाय तं मी त्यात हाय का नाई?”

त्यानं शिसं वर्तमानपत्रावर ठेवलं. मग त्यानं वही उघडली. “एक सांगा. हे नक्की मिळालं कुठं? ठेकेदार म्हणाले, शेतात नांगरताना.”

“त्याचं शेत हायच कुठं? नांगराले फाळ कोणीकडून असते ते तरी त्याले माहीत हाय का?”

“मग कुठं?”

त्या प्रश्नात त्याची नड मला दिसली. भाजीच्या धंद्यात समोरच्याचा आवाज किंचित बदलला की माल त्याला हवाच आहे हे कळतं. मी चटईवर बसलो आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. वस्तू कोणत्या जागेतून, किती खोलीवरून, कशाच्या सोबत निघाली हे कळलं नाही, तर ती वस्तू अर्धी मुकी असते. त्याचे खड्डे रिठाच्या उगवतीला होते. माझं शिसं निघालं होतं मावळतीला, जिथं आम्ही गाडी लावत असू. ती जागा माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. वडील तोवर वारले होते.

“जागा दाखवतो,” मी म्हटलं. “पण बाजाराच्या दिवशी हे शिसं घेऊन तुमी सोता या, आन् सगळ्याईसमोर पारड्याले बांधा. मंग हत्ती तुमचा.”

“चला, आधी जागा पाहू.”

“आधी बाजार, मंग जागा.”

दोन दिवस त्यानं ताणलं. तिसऱ्या दिवशी कबूल झाला.

बाजाराच्या दिवशी तो खरंच आला, नाणं कापसात गुंडाळून. कडूनिंबाखाली गर्दी होती. ठेकेदार होता, वाडीवाला होता, आसेगावचे दोन जुने व्यापारी पंच म्हणून बसवले होते. साहेबानं नवी तार आणली होती. त्यानं स्वतःच्या हातानं नाणं पारड्याखाली बांधलं आणि मी तराजू उचलला.

काटा मधोमध आला नाही. जवळ आला, पण वजनाकडे झुकून राहिला.

“पाहा!” वाडीवाला म्हणाला. “सायब आला, हत्ती आला, तरी खोटाच!”

मला काही सुचेना. हाच तुकडा, हेच पारडं. मी साहेबाला म्हटलं, “तुमी शिसं बदललं.” आणि त्यापुढं मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईपर्यंत गेलो नाही एवढंच.

साहेबाचा चेहरा उतरला होता. पण तो तराजूकडे टक लावून पाहत होता. एकदम त्यानं पिशवीत हात घातला आणि कागदाची एक लहान पुडी काढली. वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘शिशाच्या नाण्यावरील थर’.

“मी हे साफ केलं,” तो पंचांना म्हणाला. “त्यावरचा पापुद्रा खरवडला. चूक माझी आहे. पण आम्ही काही फेकत नाही.”

त्यानं ती राखेसारखी चिमूट कागदासकट मालाच्या पारड्यात ठेवली आणि तेवढाच दुसरा कोरा कागद वजनाच्या पारड्यात. मी पुन्हा तराजू उचलला. काटा हलला, डुलला, आणि मधोमध येऊन थांबला.

आसेगावचा म्हातारा व्यापारी उठला, त्यानं दांडी स्वतःच्या हातात घेतली, पारडी हलवून पुन्हा स्थिर होऊ दिली. म्हणाला, “काटा खरा हाय.” झालं.

ठेकेदारानं माफी मागितली नाही. “बस आपल्या जागी,” एवढंच म्हणाला. वाडीवाला म्हणाला, “मंग आता रोज सायब येईन का पुडी घेऊन?” त्यावर मीसुद्धा हसलो. दुसऱ्या दिवशी एका सायकलवाल्याकडून लोखंडी चकत्या घेतल्या आणि हत्तीच्या जागी बांधल्या.

शब्द दिला होता, म्हणून साहेबाला मावळतीची जागा दाखवली. तिथं त्यानं नवा खड्डा घेतला. मी बाजार नसलेल्या दिवशी जाऊन बसत असे. कमरेइतक्या खोलीवर चोपून केलेली जमीन लागली. भिंतीच्या कडेला रांजणांची बुडं होती, ओळीनं. एका बुडात जळून काळे झालेले दाणे. दाराशी दगडी उंबरा.

“घर दिसतंय,” साहेब म्हणाला.

“दुकान हाय,” मी म्हटलं.

“कशावरून?”

मी त्याला दाखवलं. घरात रांजण कोपऱ्यात असतात. इथं ते दारापासून हाताच्या अंतरावर होते. उंबऱ्याजवळ जमीन एका ठिकाणी जास्त चोपलेली, माणूस रोज बसतो तशी. तिथं बसलं की उजवा हात पहिल्या दोन रांजणांत पोचतो आणि तोंड गिऱ्हाइकाकडे राहतं. मी स्वतः तिथं बसून दाखवलं. वहीत त्यानं ते लिहून घेतलं. एरवी रिठाचं मला काही वाटत नसे, लोकांच्या धाब्यावर टाकायची माती. पण त्या जागी बसल्यावर मला कळलं की आम्ही जी माती भरत होतो ती कोणाची तरी भिंत होती.

दोन दिवसांनी त्याच बसण्याच्या जागेजवळ तीन काळे दगड निघाले. एक सुपारीएवढा, एक लिंबाएवढा, एक लाडवाएवढा. साहेबानं त्यांना घोटण्याचे दगड ठरवलं होतं. मी ते हातावर झेलले आणि म्हटलं, “वजनं हायत. एकापेक्षा दुसरं दुप्पट.” माझा तराजू आणला. लहान दगडाइतकी ज्वारी तोलली. ती ज्वारी आणि तो दगड एकत्र ठेवल्यावर मधला बरोबर भरला. साहेबाला इतका आनंद झाला की त्यानं मजुरांना गुळाचा चहा पाजला.

मग मोठा दगड तसाच तोलला. मधल्याच्या दुपटीपेक्षा तो चिमूटभर ज्वारीनं जड निघाला. साहेबानं तो उलटा केला. बुडात शिसं भरलेलं.

“अरे वा,” तो म्हणाला. “खोटं वजन! धान्य विकत घेताना हे वापरत असणार. वजन जड, म्हणजे शेतकऱ्याकडून जास्त माल.”

माझं डोकं फिरलं. बाजारात माझ्या पारड्याला पोट आहे म्हणणारा आणि हा, यांच्यात काय फरक?

“टवका उडाला हाय, तो दिसत नाई काय?” मी म्हटलं. “दगड पडला, टवका उडाला, वजन कमी झालं. तेवढं भरून काढाले भोक पाडून शिसं ओतलं. लबाडी कराची असती तं टवका उडाल्यावर तसंच वापरलं असतं, विकतानी फायदाच होता.”

“मग चिमूटभर जड का?”

“तुमीच तं पुडी आणली होती. शिशावर पापुद्रा चढते. माया शिशावर चढला, त्याच्या नाई चढणार? खरवडा आन् तोला.”

त्यानं बोटानं शिशाची कड चाचपली. मग म्हणाला, “ते नाणं खरवडलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. हे मी नाही खरवडणार. एकदा खरवडलं की पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही. तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण ते सिद्ध होत नाही.”

“आन् तुमचं होते?”

त्यानं दगड कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला.

त्याचं काम संपलं तेव्हा शेलूबाजारच्या हमरस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत आम्ही उभे होतो. खोकी दोरीनं बांधलेली. मी विचारलं, चिठ्ठीवर काय लिहिणार? तो म्हणाला, ‘खोटे वजन’.

“दुरुस्त केलेलं वजन लिहा.”

“तसं नाही लिहिता येणार. ‘खोटे वजन’, पुढं प्रश्नचिन्ह टाकतो.”

“परश्नचिन्ह तुमच्या नावापुढं लावलं तं चालते का?”

“बरं, तुम्हीच सांगा.”

“जे दिसते ते लिहा. शिसं भरलेलं हाय ना? ‘शिसे भरलेले वजन’. खरं का खोटं, वाचणारा ठरवीन.”

एस.टी. आली होती, कंडक्टर खोकी टपावर चढवा म्हणून ओरडत होता. साहेबानं हात पुढं केला. “ठरलं. ‘शिसे भरलेले वजन’.” मी त्याच्या हातावर हात मारला. माझ्या धंद्यात यापेक्षा पक्का कागद नसतो.

दशकाच्या शेवटी शेलूबाजारच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यासोबत त्या शहरात गेलो होतो, तेव्हा संग्रहालयात शिरलो. हत्ती लगेच सापडला. त्याच्या चिठ्ठीत रिठाचं नाव होतं, खड्ड्याचा नंबर होता, खोलीही होती. ते त्याला फक्त माझ्यामुळं लिहिता आलं. आणि शेजारी तो दगड: ‘खोटे वजन’.

कार्यालयात विचारलं. साहेबाची बदली झाली होती. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. साहेबानं ती चिठ्ठी स्वतः लिहिली, की टाइप करणाऱ्यानं लिहिली, मला माहीत नाही. पण हात त्यानं मारला होता. बाजारात तो माझ्यासाठी उभा राहिला, शिव्या खाल्ल्या, हे मी विसरलो नाही. म्हणूनच जास्त झोंबतं. मला खरं ठरवायला त्याच्याकडे पुडी होती. रिठातल्या त्या दुकानदारासाठी त्याला नुसता शब्द पाळायचा होता.

आता त्या शहरात काम निघालं की मी तिथं जातो. एकदा एक शेतकरी जोडपं कपाटासमोर उभं होतं. नवऱ्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि बायकोला म्हणाला, “पाह्य वं, तवाचे दुकानदार बी असेच.”

“थांबा भाऊ,” मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. रांजण, बसण्याची जागा, शिसं, पुडी, सगळं. पहारेकरी मला ओळखू लागला आहे. तो आला. “काका, पुढं चला. दुसऱ्याईले पाहू द्या.”

“ज्याचं वजन हाय त्याले बोलता येत नाई,” मी म्हटलं. “म्हणून मी बोलून राह्यलो.”

बाई मात्र हलली नाही. काचेवर कपाळ टेकवून तिनं दगड बाजूनं पाहिला, मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“अवो, टवका तं उडालेलाच हाय.”